रविवारची गोळी

‘ताई, आम्ही नेरुळला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. आठ महिन्यांपूर्वी वाशीच्या डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास, असल्याचं सांगून रोज सकाळी एक गोळी सुरू केली. शाळेच्या तक्रारी थांबल्या, अक्षरही सुधारलं. पण डबा भरलेलाच परत येतो, पोर सुकलंय, हे सासूबाईंनाही दिसतंय. केमिस्ट चिठ्ठीची प्रत ठेवून घेतो, त्यामुळे सासूबाई म्हणतात, “एवढा बंदोबस्त असलेलं औषध लेकराला कशाला?” त्यांच्या समाधानासाठी मी शनिवार-रविवारी गोळी देणं बंद केलंय. सोमवारी युनिट टेस्ट असली की मात्र रविवारी देते. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी तो घर डोक्यावर घेतो. परवा नणंदेकडे कळव्याला गेलो, तर भाच्याशी मारामारी केली. खाली खेळताना बॉलमागे सरळ रस्त्यावर धावला, रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून बरं. सकाळी उठला की विचारतो, “आज गोळी नाही ना? मग मस्ती चालेल?” माझं चुकतंय का?’
— नेरुळची आई

प्रिय नेरुळची आई,

या गोळीला शनिवार-रविवार सुट्टी देणं हा काही गुन्हा नाही. कितीतरी डॉक्टर स्वतःहून तसं सुचवतात. मला खटकलं ते वेगळंच. ही सुट्टी सासूबाईंसाठी सुरू झाली, युनिट टेस्ट आली की रद्द होते, आणि डॉक्टरांना तिचा पत्ताच नाही. ज्याच्या पोटात गोळी जाते, त्याला काय हवंय आणि काय सोसतंय, हे कुणी विचारलेलंच दिसत नाही.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण केमिस्ट प्रत ठेवतो त्यावरून ती मिथाइलफेनिडेट असावी. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला २ वर्षं जपून ठेवावी लागते. काही लोक नशेसाठी, जागरणासाठी त्याचा गैरवापर करतात, म्हणून हा बंदोबस्त. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या मात्रेत घेणाऱ्या मुलांना त्याचं व्यसन सहसा लागत नाही. हे सासूबाईंना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. सुनेने सांगितलेलं पटत नाही हा काही त्यांचा एकट्यांचा स्वभाव नव्हे.

मिथाइलफेनिडेटचं काम त्या दिवसापुरतं असतं. साध्या गोळीचा असर साधारण ४ तास, हळूहळू सुटणाऱ्या गोळीचा ८ ते १२ तास. म्हणून मधला एखादा दिवस सोडता येतो. इतर वाचकांनी मात्र हे वाचून आपल्या घरची गोळी थांबवू नये; एडीएचडीची दुसरी औषधं वेगळी वागतात. अ‍ॅटोमॉक्सेटिन असेल तर त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ते रोजच घ्यावं लागतं. क्लोनिडिन किंवा ग्वानफेसिन एकदम बंद केलं तर रक्तदाब उसळू शकतो.

सासूबाईंची दुसरी काळजी, पोर सुकल्याची, मात्र अगदी रास्त आहे. काही जण या गोळीला चष्म्याची उपमा देतात: नंबर आहे तर चष्मा रविवारीही लावायचा. मला ती पटत नाही, कारण चष्म्याने भूक मरत नाही. या औषधाने मरते आणि दीर्घकाळ घेतल्यास उंचीवरही थोडा परिणाम होऊ शकतो. ‘एमटीए’ या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातली मुलं मोठी झाल्यावर मोजली, तेव्हा औषध दीर्घकाळ (सलग किंवा अधूनमधून) घेतलेल्यांची उंची जवळजवळ न घेतलेल्यांपेक्षा सुमारे अडीच सेंटीमीटरने कमी भरली. ब्राझीलमधल्या २००४ च्या एका छोट्या अभ्यासात शनिवार-रविवारी गोळी थांबवल्यावर भूक आणि झोप सुधारली, आणि त्या दोन दिवसांत मुलांचं वागणंही फारसं बिघडलं नाही. पण तुमच्या घरी ते बिघडतंय.

तुमच्या मुलाचा रविवार डोळ्यांसमोर आणा. सोमवार ते शुक्रवार शाळेत कुणी ओरडत नाही. मग सुट्टी उजाडते आणि सकाळपासून ‘हे सोड, ते ठेव, गप बस’ सुरू. आत्याकडे गेला की भांडण, बहुतेक एक धपाटा, आणि परतताना लोकलमध्ये आईचा फुगलेला चेहरा. त्याच्या आठवड्यातले सगळ्यात जास्त बोलणी खाण्याचे दिवस म्हणजे हीच सुट्टी. मित्र जोडणं, खेळात आपल्या पाळीची वाट बघणं, रस्ता ओलांडताना थांबणं, याला कुठली शाळा मार्क देत नाही, पण लक्ष त्यालाही लागतंच. ती रिक्षा मला मारामारीपेक्षा जास्त गंभीर वाटते.

आणि ते युनिट टेस्टचं आधी बंद करा. आत्याकडे जाताना गोळी नाही, पण भागाकारासाठी आहे, यातून नऊ वर्षांचं मूल काय समजायचं ते बरोबर समजतं: आईला माझ्या मार्कांची काळजी आहे. ‘मस्ती चालेल?’ या प्रश्नाचं उत्तरही द्या. घरातले नियम गोळीवर अवलंबून नाहीत. मारायचं नाही म्हणजे रविवारीही नाही. गोळी नसेल त्या दिवशी ते पाळणं जड जातं, म्हणून आई जवळ राहील, इतकंच.

डॉक्टरांकडे जा आणि सगळं सांगा. सध्या ते त्याचं वजन बघून मात्रा ठरवतायत ती रोजच्या गोळीचा हिशेब धरून, आणि तो हिशेबच खोटा आहे. थोडं रागावतील, रागावू द्या. त्यांना विचारा, की महिनाभर दोन रविवार गोळी देऊन आणि दोन न देता बघू का? वहीत रोज चार ओळी लिहा: किती जेवला, कधी झोपला, कुणाशी भांडला, स्वतः काय म्हणाला. शेवटचं विसरू नका. कदाचित ते बाहेर जायच्या दिवसापुरती कमी वेळ टिकणारी गोळी सुचवतील, कदाचित मे महिन्याच्या सुट्टीत मोठा खंड देतील. त्या खंडात औषधाची अजून गरज आहे का, तेही तपासता येतं. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचं वजन दर ३ महिन्यांनी आणि उंची दर ६ महिन्यांनी मोजावी, असं ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तुमच्याकडे हे आकडे नसतील तर मागून घ्या.

जेवणाचं खातं सासूबाईंकडे सोपवा. सकाळी गोळीच्या आधी, भूक शाबूत असताना, तुपातला शिरा किंवा लोण्याबरोबर थालीपीठ असं भरभक्कम काहीतरी. डबा अर्धा आला तर कटकट नको. औषध उतरलं की संध्याकाळी-रात्री भूक परत येते, तेव्हा दुसऱ्यांदा वाढायचं. साडेनऊला मेतकूट-भात मागितला तर ‘ही काय जेवायची वेळ’ म्हणायचं नाही. ज्या आजीला नातू सुकल्याचं दिसतं, तिच्याइतकं मनापासून हे दुसरं कुणी करणार नाही.

एक तातडीचं. दर शनिवार-रविवारच्या न दिलेल्या गोळ्या तुमच्या घरात साठल्या असणार. त्या कुलपात ठेवा, दहावी-बारावीतल्या कुठल्याही भाच्या-पुतण्याला ‘अभ्यासासाठी’ देऊ नका, आणि डॉक्टरांकडे जाताना मोजून सोबत न्या. किती दिवस गोळी दिली गेली नाही, हे त्यांना त्यावरूनच कळेल.

तुमची ताई