गाढवावर बसलेला राजा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात झावळ्यांच्या रविवारचा (पाम संडेचा, येशू यरुशलेम शहरात आला त्याची आठवण करतात त्या दिवसाचा) एक फोटो छापला होता, चर्चच्या अंगणात लहान मुलं झावळ्या घेऊन निघालीयेत असा, आणि खाली ओळ होती ‘नम्र राजाचं स्वागत’. त्या एका ओळीवर बरेच मेसेज आणि पत्रं आली, ख्रिस्ती वाचकांची पण आणि इतरांची पण. त्यातले काही प्रश्न इथे घेतलेत. नावं छापू नका असं काहींनी सांगितलं म्हणून कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी हिंदू आहे, मैत्रिणीबरोबर पाम संडेला चर्चमध्ये गेले होते. सगळे राजा आला म्हणून गात होते आणि गोष्ट काय तर येशू गाढवावर बसून शहरात शिरला. आपल्याकडे गाढवावरून धिंड काढतात. यात राजेपण कुठे आलं? (पुणे)

गाढव म्हटलं की आपल्या डोक्यात धिंडच येते, साहजिक आहे. पण त्या देशात त्या काळी गाढवावर किंवा खेचरावर बसण्यात काही कमीपणा नव्हता. दावीद राजा म्हातारा झाला आणि घरात गादीवरून भांडण लागलं, तेव्हा त्याने आपल्या मुलाला, शलमोनाला, स्वतःच्या खेचरावर बसवून गीहोनच्या झऱ्यापाशी न्यायला सांगितलं आणि तिथे त्याला राजा म्हणून अभिषेक झाला, हे जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात आहे, १ राजे या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात. म्हणजे यरुशलेमच्या लोकांना गाढवावरचा माणूस बघून हसू आलं नसणार, त्यांना बरोबर कळलं असणार की हा काय सांगतोय. म्हणून तर त्यांनी अंगावरची वस्त्रं रस्त्यात अंथरली.

आता गाढवच का, घोडा का नाही, तर यामागे जखऱ्या संदेष्ट्याचे शब्द आहेत, येशूच्या कितीतरी शतकं आधीचे. तो यरुशलेमला म्हणतो की तुझा राजा येतोय, तो लीन आहे, गाढवाच्या शिंगरावर बसून येतोय. बहुतेक जण एवढंच वाचतात आणि थांबतात. पुढचं वचन वाचाच. त्यात लगेच आहे की एफ्राइमचे रथ आणि यरुशलेमचे घोडे काढून टाकले जातील, लढाईचं धनुष्य मोडलं जाईल आणि तो राजा राष्ट्रांशी शांतीचं बोलेल. घोडा म्हणजे तेव्हा सैन्य. आणि मोशेच्या नियमशास्त्रात, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात, राजाला ताकीदच दिलीय की त्याने फार घोडे बाळगू नयेत, फार बायका करू नयेत आणि स्वतःसाठी सोन्याचांदीचे ढीग लावू नयेत. शलमोनाने पुढे यातलं सगळंच केलं, तो भाग वेगळा.

त्यात वेळ कुठली होती तेही बघा, यहूद्यांच्या वल्हांडण सणाची. देशोदेशीचे यात्रेकरू शहरात आलेले, रोमन सुभेदार पिलात एरवी समुद्रकाठी कैसरियाला राहायचा पण सणाला बंदोबस्तासाठी यरुशलेमात यायचा. रोमन शिपाई रस्त्यावर दिसत असताना हा माणूस जैतुनाच्या डोंगरावरून उतरतो, शस्त्र नाही, सैन्य नाही, आणि शिंगरू पण स्वतःचं नाही, मागून आणलेलं. लोक त्याला राजा म्हणतायत आणि तो कोणाला गप्प करत नाही. परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी, म्हणाले तुझ्या शिष्यांना आवर, तर त्याने उत्तर दिलं की हे गप्प बसले तर दगड ओरडतील. तेव्हा ख्रिस्ती लोक त्यात अपमान बघत नाहीत. मी राजा आहे आणि मी असा राजा आहे, दोन्ही एकाच वेळी सांगितलेलं ते बघतात. येशूची गोष्ट लिहिणाऱ्या योहानाने तर मोकळेपणाने लिहिलंय की शिष्यांना पण हे तेव्हा कळलं नव्हतं, नंतर उमगलं.

प्रश्न : थोडं स्पष्ट विचारतो, राग मानू नका. आमच्याकडे निवडणूक आली की पुढारी गरिबाच्या घरी जमिनीवर बसून भाकरी खातात, फोटो काढतात आणि जातात. देव असून गरीब झाला, राजा असून पाय धुतले, हे पण तसंच नाही का? मोठ्या माणसाचं थोडा वेळ लहान होणं? (लातूर)

राग कशाला येईल, हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि ख्रिस्ती घरात वाढलेल्यांनी सुद्धा तो स्वतःला विचारायला हवा.

पाय धुण्याचा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानात (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकात) १३ व्या अध्यायात आहे. धुळीचे रस्ते, पायात चपला, पाहुणा आला की त्याचे पाय धुणं हे घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं काम. शेवटच्या जेवणाच्या रात्री येशू उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि एकेकाचे पाय धुवायला लागतो. पेत्र नावाचा शिष्य नको नको म्हणतो कारण त्याला ते सहन होत नाही. आता यात दोन गोष्टी नीट बघा. एक म्हणजे यहूदा इस्कर्योत तेव्हा तिथेच आहे, तो नंतर उठून बाहेर जातो, म्हणजे धरून देणाऱ्याचे पाय पण धुतले गेले, आणि येशूला ते माहीत होतं असं योहान सांगतो. फोटोसाठी कोणी हे करणार नाही, आणि बघायला तिथे कोणी बाहेरचं नव्हतंच. दुसरं, पाय धुऊन झाल्यावर तो असं म्हणत नाही की मी तुमच्यातलाच एक, मी कोणी मोठा नाही. तो म्हणतो तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, मी तो आहे, आणि मी तुमचे पाय धुतले तर तुम्हीही एकमेकांचे धुवा.

मला वाटतं सगळा विश्वास इथे येऊन उभा राहतो. नम्रता हा राजाने अंगावर घेतलेला साधा पोशाख नाही की काम झालं की काढून ठेवला. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने तो राज्यच असं करतो, खाली वाकून, आणि देव मुळात कसा आहे ते त्यातून दिसतं. सुरुवातीच्या चर्चमधल्या पौल या प्रेषिताने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात हेच मांडलंय, देवासारखं असणं हे त्याने धरून ठेवायची गोष्ट मानली नाही, दासाचं रूप घेतलं, मरणापर्यंत आणि तेही क्रुसावरच्या मरणापर्यंत आज्ञा पाळली. आणि क्रूस हे रोमन राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना द्यायचं मरण होतं, राजघराण्यातल्यांना नाही.

पुढारी भाकरी खाऊन गाडीत बसून घरी जातो. इथे परत जायचा रस्ताच ठेवलेला नाही. उलट एकदा पाच हजार लोकांना जेवू घातल्यावर लोक त्याला जबरदस्तीने राजा करायला निघाले होते तर तो एकटाच डोंगरावर निघून गेला. पोट भरलेल्या गर्दीने दिलेली गादी त्याला नको होती. मार्काच्या शुभवर्तमानात आणखी एक जागा आहे, मला स्वतःला ती फार हलवते. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान, दोघेही त्याचे शिष्य, त्याला म्हणतात, तुझ्या वैभवात आम्हाला एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. तो म्हणतो तुम्ही काय मागताय ते तुम्हाला कळत नाही. मग पुढे पाच अध्यायांनी त्याला क्रुसावर देतात, वर पाटी लावतात ‘यहूद्यांचा राजा’, आणि मार्क लिहितो की त्याच्याबरोबर दोन लुटारूंना क्रुसावर दिलं, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. सिंहासन ते होतं. शिपायांनी आधी काट्यांचा मुकुट घातला, जांभळं वस्त्र चढवलं, गुडघे टेकून चेष्टा केली, आणि ख्रिस्ती लोक तोच मुकुट खरा धरून त्याच्यापुढे खरोखर गुडघे टेकतात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या कितीतरी चित्रांत क्रुसावरच्या पाटीवर पिलाताचे शब्द नसतात, ‘गौरवाचा राजा’ असं लिहिलेलं असतं.

प्रश्न : आम्ही कॅथलिक. दर नोव्हेंबरला ख्रिस्तराजाचा सण करतो. मूर्तीला सोनेरी मुकुट, हातात राजदंड, मिरवणूक, बँड. मुलगा विचारतो की हा राजा नम्र असेल तर एवढा थाट कशाला. त्याला काय सांगू? (वसई)

मुलाला आधी सांगा की प्रश्न बरोबर आहे. मग सण कुठून आला ते सांगा. हा काही फार जुना सण नाही, पोप अकरावे पायस यांनी ११ डिसेंबर १९२५ ला तो सुरू केला. पहिलं महायुद्ध होऊन गेलेलं, रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया इथली सिंहासनं कोसळलेली, आणि इटलीत १९२२ पासून मुसोलिनी. राष्ट्रच सगळं काही, नेताच सगळं काही, असं बोलायचे ते दिवस. त्या वेळी चर्चने म्हटलं की शेवटचा शब्द कुठल्याही सरकारचा नाही, ख्रिस्ताचा आहे. आधी हा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असायचा, १९६९ मध्ये तो उपासना वर्षाच्या अगदी शेवटच्या रविवारी आणला, म्हणजे लगेच पुढे आगमनकाळ, नाताळच्या तयारीचे आठवडे, सुरू होतो.

त्या दिवशी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, कुठलं शुभवर्तमान वाचतात ते मुलाला दाखवा, तीन वर्षांचं चक्र असतं. एका वर्षी मत्तय २५, त्यात राजा वैभवाच्या आसनावर बसलेला आहे खरा, पण बोलतो काय तर मी भुकेला होतो, परका होतो, उघडा होतो, तुरुंगात होतो, तुम्ही आलात का? दुसऱ्या वर्षी योहान १८, कैदी म्हणून पिलातापुढे उभा असलेला राजा, जो म्हणतो माझं राज्य या जगातलं असतं तर माझे लोक लढले असते. तिसऱ्या वर्षी लूक २३, क्रुसावरचा राजा, आणि त्याला राजा म्हणून ओळखणारा शेजारच्या क्रुसावरचा गुन्हेगार, तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर म्हणणारा. चर्चने स्वतः सणासाठी निवडलेली वाचनं ही आहेत.

मुकुट प्रेमाने घातलेला असतो, आजी-आजोबांनी पैसे साठवून घातलेला असतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मुकुटाला पैसे गोळा होतात आणि गावातल्या आजारी माणसाला होत नाहीत असं झालं तर मत्तय २५ त्याच दिवशी आपल्याला दोषी ठरवतं, हे मी स्पष्ट म्हणतो. आणि इतिहासात याहून मोठ्या गोष्टी झाल्यात, या राजाच्या नावाने तलवारी चालल्या, धर्मयुद्धं झाली, गोव्यात धर्मन्यायालय बसलं. गाढवावरच्या राजाच्या नावाने घोडे दौडवले गेले. हे मुलापासून लपवू नका. त्याच्याच बरोबर मेक्सिकोच्या मिगेल प्रो या फादरांची गोष्ट पण सांगा. तिथे सरकार चर्चच्या मागे लागलेलं असताना ते लपूनछपून चर्चचे विधी करत फिरायचे, २३ नोव्हेंबर १९२७ ला त्यांना गोळ्या घातल्या तेव्हा ते दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि ख्रिस्तराजाचा जयजयकार करत मेले. हातात शस्त्र नव्हतं, एका हातात क्रूस आणि दुसऱ्या हातात जपमाळ होती.

प्रश्न : नम्र म्हणजे मार खाऊन गप्प बसणारा असं आमच्या ऑफिसमध्ये समजतात. येशू तसाच होता का? (नागपूर)

नाही. शहरात शिरल्यावर त्याने मंदिरात जाऊन सराफांचे चौरंग उलथवले. गालीलवर राज्य करणाऱ्या हेरोदाला ‘कोल्हा’ म्हणाला, आणि त्याच हेरोदापुढे उभं केल्यावर तमाशा बघायला बसलेल्या त्या माणसाला एका शब्दाने उत्तर दिलं नाही. प्रमुख याजकाच्या चौकशीत शिपायाने तोंडात मारली तेव्हा विचारलं, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? त्याने उलटा हात उचलला नाही पण प्रश्न विचारायचं सोडलं नाही. ऑफिसमध्ये कोणी अंगावर ओरडत असेल तर हे वचन जवळ ठेवा, योहान १८, वचन २३.

प्रश्न : मराठी ख्रिस्ती माणसांनी या राजाला आपल्या पद्धतीने कधी मांडलं का? (सातारा)

तुमच्याच गावात मांडलं! रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला मानणारा कोणीही त्यात यावा अशी कल्पना होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार तसा वाढला नाही. पण त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त बघा, त्याला ते आई म्हणून, गुरू म्हणून हाक मारतात, जवळ बसून बोलतात. वारकरी घरातल्या माणसाला हे लगेच कळतं, जनाबाईबरोबर जात्यावर बसणारा पंढरीचा राणा त्याने लहानपणापासून ऐकलेला असतो. दोन्ही एकच असं मी म्हणत नाही, पण देव खाली बसून काम करतो हे मराठी कानाला परकं नाही.

गोव्यात ६ जानेवारीला, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचं फेस्त, म्हणजे सण, होतो, वेरेंच्या रेइश मागुश चर्चचा आणि चांदोरचा विशेष प्रसिद्ध आहे. राजांचा वेश केलेली मुलं मिरवत येतात, बाळाला भेटी द्यायला. बेथलेहेममध्ये येशूच्या जन्मस्थानावर बांधलेल्या चर्चचं दार तर जेमतेम चार फूट उंच आहे. घोडे आणि गाड्या आत घुसू नयेत म्हणून ते बुजवत बुजवत लहान केलं असं सांगतात. आज कोणीही जा, वाकूनच आत जावं लागतं.

प्रश्न : पाय धुण्याचा विधी बघायचा आहे. ख्रिस्ती नसलो तर चालेल का? कधी असतो? (ठाणे)

चालेल, जरूर जा. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत असतो, वेळ चर्चच्या ऑफिसमध्ये विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी बारा जणांना पुढे बसवतात आणि फादर खाली बसून त्यांचे पाय धुतात, पुसतात. पूर्वी फक्त पुरुष असायचे. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर दोनच आठवड्यांत रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा जणांचे पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुस्लिम पण होते. २०१६ पासून नियमच बदलला, आता बायकांचेही धुतात. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर वाटतात त्या, वेळी मात्र रांगेत न जाता जागेवरच बसून राहा, कोणी काही म्हणत नाही.