कमांडमधील आडवी रेघ

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी संगणकांचे काम पाहतो. नेटवर्कवरील वाहतूक तपासणाऱ्या ‘टीसीपीडम्प’ची मराठी माहितीपुस्तिका मी सहकाऱ्यांसाठी तयार केली आहे. तिच्यातील कमांड कॉपी केली तर चालत नाही, हाताने टाईप केली तर चालते. असे का होते? मूळ इंग्रजी पुस्तिकेतही मांडणीच्या एक-दोन चुका दिसल्या. त्या कळवाव्यात का?

उत्तर : आपली कमांड बरोबर आहे, वर्ड प्रोसेसरने तिची चिन्हे बदलली आहेत. कोणत्या इंटरफेसवरची, म्हणजे संगणकाच्या कोणत्या नेटवर्क-जोडणीवरची, वाहतूक पाहायची ते सांगण्यासाठी हायफन आणि त्याला जोडून ‘आय’ लिहावे लागते. पण रिकाम्या जागेनंतर आलेला हायफन विरामचिन्ह समजून वर्ड प्रोसेसर तिथे किंचित लांब रेघ टाकतो. डोळ्यांना हा फरक सहसा जाणवत नाही. प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मात्र हायफनचा क्रमांक ४५ आणि त्या रेघेचा ८२११ असल्यामुळे टीसीपीडम्प तिला पर्यायाची खूण न मानता पुढचा मजकूर फिल्टर, म्हणजे कोणती वाहतूक दाखवायची याची अट, म्हणून वाचतो आणि सिंटॅक्सची (कमांडच्या रचनेची) चूक दाखवतो. अवतरणचिन्हांचेही तेच. कंस असलेला फिल्टर शेलपासून, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामपासून, जपण्यासाठी आपण तो सरळ अवतरणचिन्हांत ठेवतो. ती वळणदार झाली की शेलच्या लेखी ती अवतरणचिन्हेच उरत नाहीत आणि कंस उघडे पडतात.

यासाठी ऑटोकरेक्ट बंद करावे आणि प्रत्येक कमांड समान रुंदीच्या अक्षरांत, स्वतंत्र ओळीवर द्यावी. मॅन पेजमध्ये, म्हणजे प्रोग्रामसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेत, जसेच्या तसे टाईप करायचे शब्द ठळक आणि वापरणाऱ्याने स्वतः भरायचे शब्द तिरपे छापण्याची पद्धत आहे. देवनागरीत तिरपा ठसा नीट उठून दिसत नाही, म्हणून माझ्या मते तिथे अधोरेखन बरे. पुस्तिका वाटण्यापूर्वी तयार पीडीएफमधूनच प्रत्येक कमांड कॉपी करून चालवून पाहावी. मूळ फाईलवरून केलेली तपासणी इथे उपयोगाची नाही.

मूळ पुस्तिकेतील चुका अवश्य कळवाव्यात. टीसीपीडम्प १९८८ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत लिहिले गेले आणि आज त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे. त्याचे मॅन पेज रॉफ या जुन्या खुणापद्धतीत असून तिच्यात हायफनपूर्वी उलटी तिरकी रेघ दिली नाही, तर काही संगणकांवर वाचकाला छपाईचा वेगळाच हायफन मिळतो. आपल्याला दिसलेली चूक याच जातीची आहे का, ते आधी पाहावे. दुरुस्ती पाठवताना मांडणीचे बदल आणि मजकुराचे बदल एकत्र करू नयेत, कारण शेकडो ओळींत केवळ रिकाम्या जागा हलल्या असतील, तर त्यांत बदललेला एखादा शब्द तपासणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतो.