महिला संचालक आणि नफ्याची रंगसफेदी: प्रबंध सुरू करण्याआधी

महिला संचालक असल्या की नफ्याची रंगसफेदी, म्हणजे हिशेबातून नफा हवा तसा दाखवणं, कमी होते का, हा तुमच्या प्रबंधाचा प्रश्न. नाशिकला बसून प्रबंध लिहिताय म्हणून नमुन्यात फक्त सातपूर-अंबडच्या कंपन्या घेऊ नका. ही रंगसफेदी मोजायच्या सुधारित जोन्स मॉडेलमध्ये दर उद्योगाचं दर वर्षी वेगळं समीकरण बसवतात. गटात दहाएक कंपन्या तरी हव्यात. म्हणून देशभरातल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या घ्या, बँका आणि वित्तसंस्था वगळा.

नफ्यातून कामकाजातली रोकड वजा केली की एकूण ॲक्रुअल, म्हणजे नफ्यातला रोखीत न आलेला भाग, मिळतात. सगळे आकडे मागच्या वर्षीच्या एकूण मालमत्तेने भागा, आणि विक्रीतल्या वाढीतून येणेबाकीतली वाढ काढायला विसरू नका. समीकरणाबाहेर उरतो तो संशयाचा भाग. नफा वर किंवा खाली, दोन्हीकडे ढकलता येतो, म्हणून त्याचं चिन्ह सोडून आकार बघा. पण तो लबाडीचा पुरावा नव्हे. आपल्याकडच्या वाइन कंपन्यांचंच बघा: माल मुरत पडतो, साठा वाढतो आणि ॲक्रुअल आपोआप फुगतात.

खरी मेख महिला संचालकांच्या मोजणीत आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना किमान एक महिला संचालक सक्तीची केली, तेव्हा कित्येकांनी घरातलीच पत्नी किंवा सून नेमली. त्यामुळे ‘आहे-नाही’ एवढा रकाना अगदी निरुपयोगी! प्रवर्तक कुटुंबातली, स्वतंत्र, लेखापरीक्षण समितीवरची, असे वेगळे रकाने करा. बैठकांची हजेरीही वार्षिक अहवालात सापडते.

शिवाय मुळात शिस्तीच्या कंपन्याच स्वतःहून महिलांना नेमतात. त्यामुळे सक्तीआधी एकही महिला नसलेल्या कंपन्यांची आधीची आणि नंतरची वर्षं ताडून बघा. २०१६-१७पासून इंड-एएस, म्हणजे नवी भारतीय लेखामानकं, टप्प्याटप्प्याने लागू झालं, त्याचा परिणाम मात्र वेगळा काढा.