नवरा एमडी विकतो, आता पोरालाही पाठवायला लागलाय

प्रश्न : ताई, आम्ही गोवंडीत राहतो, खोली माझ्या नावावर आहे. नवरा जरीच्या कारखान्यात होता, लॉकडाऊनमध्ये काम गेलं आणि कुणाच्या तरी नादाने तो एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन नावाच्या नशेच्या पावडरीच्या, पुड्या विकायला लागला. मारझोड करत नाही, घरात पैसा देतो, सासू म्हणते गप्प बस, पोरांची फी तर भरली जातेय ना. पण पुड्या तांदळाच्या डब्यात असतात. रात्री दार वाजलं की मी झोपेतून दचकून उठते. शेजारणी त्यांची पोरं आमच्याकडे पाठवत नाहीत. आणि मागच्या महिन्यापासून तो आमच्या तेरा वर्षांच्या मुलाला पुडी पोचवायला पाठवतोय, लहान पोराला पोलीस धरत नाहीत म्हणे. मी काय करू?

उत्तर : अगं, आधी मुलाचं बघ, नवऱ्याचं नंतर. पोराला धरत नाहीत ही गोष्ट साफ खोटी आहे. मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभं करतात आणि त्याला असं काम लावणाऱ्याला, मग तो सख्खा बाप का असेना, 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. उद्या शाळा सुटल्यावर त्याला थेट मामाकडे, मावशीकडे, जिथे होईल तिथे ने. कोणीच नसेल तर 1098 ला फोन कर, ती मुलांसाठीचीच लाइन आहे.

आता तो डबा. अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा 1985 चा आहे, एमडी त्यात 2015 ला आलं. दोन ग्रॅमपर्यंत माल सापडला तर एक वर्षापर्यंत शिक्षा, त्याच्या वर दहा वर्षांपर्यंत, आणि पन्नास ग्रॅम झाले की कमीत कमी दहा वर्षं, वर जामीनही महामुश्किल. दोन ग्रॅम म्हणजे चमचाभरसुद्धा नाही गं! आणि खोली तुझी, तुला सगळं माहीत, तरी तू चालू दिलंस असं दिसलं तर तीच शिक्षा तुला लागू शकते. सासूबाईंना हे नीट समजाव, कारण मोठ्या केसमध्ये त्या पैशातून बायकोच्या नावावर केलेलं सोनंसुद्धा जप्त होऊ शकतं. माल घरात नको हे नवऱ्याला स्पष्ट सांग, पण तू स्वतः उचलून फेकायला जाऊ नकोस, वाटेत तुझ्या हातात सापडला तर तूच आरोपी.

तो स्वतः पण ओढतो का हे तू लिहिलं नाहीस. मला शंका आहे, कारण विकणारे पुष्कळदा स्वतःच्या नशेपायी विकत असतात. रात्र रात्र जागणं, जेवण सुटणं, दात खाणं, उगाच संशय घेणं असं दिसत असेल तर 14446 ला विचार, सरकारी व्यसनमुक्तीची लाइन आहे, फुकट आहे. थोडासाच माल असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला तर कायदा त्याला खटल्यातून सूट देतो. धंदा मोठा असेल तर मात्र ही सूट नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस. बाईला, कमाई कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, नंबर 15100. पोलिसात जायचं की नाही हे त्या वकिलाशी बोलूनच ठरव, रागाच्या भरात नको.

आणि मुलाला बापाबद्दल वाईटसाईट सांगू नकोस, त्याचा जीव आहे बाबावर. फक्त पुडीला हात लावायचा नाही एवढं सांग, आणि शक्य असेल तर नवऱ्याच्या समोरच सांग.