जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटना खरंच लाखांत किंमत मिळते का?

निपाणीचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर पंधरा-वीस कॅसेट सापडल्या, त्यांचे किती येतील, असं तुम्ही विचारलंय. मी आधी विचारतो, खोकी आहेत का? नसतील तर लाखांचं डोक्यातून काढून टाका.

नुसतं जुनं झालं म्हणून काही महाग होत नाही. १९८५ चा सुपर मारिओ हा गेम जगभर ४ कोटींच्या वर खपलाय. तरी त्याचीच एक सीलबंद प्रत २०२१ मध्ये २० लाख डॉलरला गेली. गेम तोच, पैसे न फोडलेल्या खोक्याचे. पोरांच्या हातात पडल्यावर खोकं कोण ठेवतं? दुसरी तऱ्हा मुळात कमी निघालेल्या कॅसेटची. मारिओ काढणाऱ्या निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९९० च्या स्पर्धेच्या, 'निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स'च्या, सोनेरी कॅसेट फक्त २६ होत्या. तसलं काही आपल्या माळ्यावर सापडणार नाही.

आमचं खोकं मला अजून जसंच्या तसं आठवतं. मामा बोटीवर होते. १९९४ साली बेळगावला आले ते योकोहामाहून मारिओची अस्सल जपानी कॅसेट घेऊन. गेमचं मशीन नाही आणलं. तिथलं तेव्हा आपल्या टीव्हीला चालायचं नाही, आणि खडेबाजारातून घेतलेलं एक आमच्याकडे होतंच. पिवळीधमक कॅसेट, तळहाताएवढं खोकं, आत जपानीत छापलेली छोटी पुस्तिका. त्यातली चित्रं मी वहीत गिरवायचो. खेळून झालं की कॅसेट पुसून परत खोक्यात. शहापुरातली पोरं खेळायला यायची, त्यांनाही आधी हात धुवायला लावायचो.

१९९८ ला दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा मी खानापूरला आजोळी होतो. परत आलो तर कॅसेट टीव्हीखाली नुसतीच पडलेली आणि खोकं पुस्तिकेसकट रद्दीत गेलेलं. दादा म्हणाला, "कॅसेट आहे की! खोकं काय चाटायचंय?" मी सायकल काढून रद्दीवाल्याकडे गेलो, दुकानातले गठ्ठे उपसले. माल सकाळीच टेम्पोत भरून गेला होता.

दोन वर्षांमागे पुण्याच्या एका संग्राहकाला ती कॅसेट दाखवली. उलटसुलट करून बघितली, अस्सल आहे म्हणाला, आणि लगेच विचारलं, "बॉक्स?" नाही म्हटल्यावर बोललेली किंमत हजाराच्या आत होती. दादाला तिथूनच फोन लावला. तो म्हणतो, तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मला ठाऊक होतं. किंमत ठाऊक नव्हती, पण कॅसेट, खोकं, पुस्तिका मिळून ती एक वस्तू आहे हे शाळकरी वयातही कळत होतं, आणि ते मी घरात दहादा सांगितलं होतं.

तुमच्या कॅसेटचं म्हणाल तर बहुतेक नकली असणार. '९९९९ इन १' म्हणजे एकाच कॅसेटमध्ये हजारो गेम, असं लिहिलेल्या सरळ बाजूला काढा. स्क्रूच्या असतील त्या उघडा. आतल्या सर्किटच्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका दिसला की बहुधा नक्कल समजा. खऱ्या जपानी बऱ्याचशा खटक्यावर बसवलेल्या असतात, त्या उचकटू नका, खटके मोडतात. मशीनवर 'समुराई' नाव असेल तर मात्र जपा. ते निन्टेन्डोच्या परवान्याने आपल्याकडे विकलं जायचं.

एक सांगायला हवं. आमचं खोकं असतं तरी लाख आले नसते. कोटींनी खपलेल्या गेमचं उघडलेलं खोकं फार तर काही हजारांचं, आणि २०२१ चे भावही नंतर बरेच उतरले. दादा नेमकं यावरच बोट ठेवतो. ठेवू दे. मी विकायला म्हणून ते जपत नव्हतो.

तुम्ही माळा पुन्हा एकदा नीट बघा. पुठ्ठ्याचं काही मिळालं तर आधी खाली आणा, आपल्याकडच्या पावसात त्याला बुरशी धरते. आणि मदतीला भाऊ येणार असेल, तर रद्दीचं पोतं बांधण्याआधी तुम्ही स्वतः उपसून बघा.