महाशीरच्या मागे लागलेली मुलगी

शहादा तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांनी लिहिलंय: मुलगी बारावी सायन्सला आहे. प्रकाशाला मामाकडे जाते, तिथल्या भोई मंडळींकडून तापीत पूर्वी मोठाले महाशीर मासे लागायचे हे ऐकलं आणि आता दुर्मिळ माशांवर संशोधन करायचं म्हणते. घरचे म्हणतात, शिरपूरला फार्मसी कर. यात पोट भरेल का? आणि काम हॅचरीत, म्हणजे माशांची पिल्लं तयार करतात तिथे, करावं की नदीवर?

नमस्कार भाऊ,

पोटाचं आधी. बी.एफ.एस्सी. हा मत्स्यशास्त्राचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. आपल्या राज्यात रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला सरकारी महाविद्यालयं आहेत. बारावीला जीवशास्त्र हवंच. पुढे मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, तिथे एम.एफ.एस्सी. (मत्स्यशास्त्राची पदव्युत्तर पदवी) आणि पीएचडी होते. पदवीवर राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातल्या पदांसाठी स्पर्धा परीक्षा देता येते. घरापासून लांब नको असेल तर जळगावच्या विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. मात्र संशोधनातली सुरुवातीची कामं बहुतेक प्रकल्पावरची असतात. प्रकल्प संपला की नवा शोधायचा. फार्मसीवाल्या मैत्रिणीचा पगार आधी सुरू होईल, हे घरात आत्ताच बोलून ठेवा.

आता तिचा खरा प्रश्न. रोहू-कटल्याचं बीज, म्हणजे लहान पिल्लं, हॅचरीत काढणं आता सर्रास होतं. महाशीरचं तसं नाही. अंडी कमी आणि मोठी, पाण्यात तळाशी बसणारी. मादी पिकली की हलक्या हाताने पोट दाबून अंडी काढायची, नराचं वीर्य त्यावर मिसळायचं, मग ट्रेमध्ये स्वच्छ पाणी अखंड खेळतं ठेवायचं. पांढरं पडलेलं अंडं वेळीच उचललं नाही तर बुरशी शेजारच्यांनाही धरते. हंगाम पावसाळ्याचा, त्यामुळे रात्री जागाव्या लागतात. लोणावळ्याला हे काम १९७०च्या दशकापासून चालू आहे आणि तिथून देशभर बीज गेलं.

पण त्यातलंच बीज कावेरीत सोडलं गेलं. दख्खनचा निळसर परांचा महाशीर तिथे इतका फोफावला की कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महाशीर मागे हटत गेला. २०१८ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली. सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. कोणत्या नदीत कोणती जात मूळची, हे आधी तपासायला हवं होतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: तिने आधी नदी शिकावी, मग हॅचरी.

आणि त्यासाठी तिला लांब जायचीही गरज नाही. महाशीर पुराच्या पाण्यात वरच्या अंगाला चढतो आणि स्वच्छ खडी-गोट्यांत अंडी घालतो. आपल्या तापीवर हतनूर, सारंगखेडा, प्रकाशा, खाली गुजरातेत उकाई. वर चढायची वाट जागोजागी अडलेली, आणि वाळूउपशाने तळ खरवडलेला. हॅचरीतलं बोटभर पिल्लू अशा नदीत सोडून ते वाढेल कुठे, अंडी घालेल कुठे? याचं उत्तर शोधणाऱ्या माणसांची खानदेशात फार गरज आहे, आणि तुमच्या मुलीला हा प्रश्न सतरा-अठराव्या वर्षीच पडलाय. मला त्याचं मोठं अप्रूप वाटतं.

परीक्षा झाली की तिला एक वही द्या. प्रकाशाच्या मासळी बाजारात रोज काय आलं ते लिहू दे: मरळ, वाम, चिलापी, स्थानिक नाव, लांबी, कुठल्या डोहातलं. म्हाताऱ्या भोयांना विचारू दे की कोणता मासा कधीपासून दिसत नाही. स्वतः जाळं टाकायचं नाही, त्याला परवानग्या लागतात. ते पुढे मार्गदर्शकाबरोबर. महिनाभर हे न कंटाळता केलं तर बी.एफ.एस्सी.चा अर्ज बिनधास्त भरा. कंटाळली तर फार्मसीचे प्रवेश तोवर बंद झालेले नसतील, तोही अर्ज भरून ठेवा.

बाजार पहाटे भरतो. पहिले काही दिवस तुम्ही सोबत जा, ओळखी करून द्या. बाईमाणसाला तिथे प्रश्न विचारताना पाहायची सवय लोकांना नाही, वडील शेजारी असले की माणसं मोकळं बोलतील.