बँडसॉवर (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडची विजेची करवत) लाकूड सरळ कापलं जात नाही, कट एका बाजूला पळतो. काय करावं?

फेन्सला (लाकूड टेकवून सरळ ढकलायच्या पट्टीला) हात लावण्याआधी ब्लेड बघा. कट सतत एकाच बाजूला ओढत असेल तर बहुतेक वेळा दातांची एक बाजू बोथट झालेली असते. सागवानात अडकलेला एखादा खिळा लागला तरी तेवढ्यानं धार जाते, आणि मग ब्लेड धारदार बाजूकडे सरकत राहतं. प्लग काढून ठेवा, जाड हातमोजे घाला आणि दोन्हीकडचे दात उजेडात तपासा. बोथट ब्लेडवर जोर लावून काम रेटू नका, ते धोक्याचंही आहे.

नंतर टायर. वरच्या-खालच्या चाकांच्या रबरावर भुसा आणि डिंक यांचा थर बसतो, त्यानं ब्लेड डगमगतं. माझ्याकडे खालच्या चाकावर नखानं खरवडून निघेल एवढी पापडी जमली होती. ती काढली आणि निम्मा त्रास तिथंच संपला.

गाईड (ब्लेडला दोन्ही बाजूंनी आधार देणारे भाग) लावताना ब्लेड आणि गाईड यांच्यात साध्या कागदाइतकी फट ठेवा. दात मात्र गाईडच्या पुढेच राहिले पाहिजेत, नाहीतर त्यांचा सेट (दातांना आळीपाळीनं डावी-उजवीकडे दिलेला वाक) बिघडतो. वरचा गाईड लाकडापासून बोटभर उंचीवर आणा. ब्लेडचा ताण कमी असेल तर जाड लाकडात कट पोटासारखा फुगतो.

फळ्या चिरायला 12 मिमी रुंद, इंचाला 3-4 दातांचं ब्लेड घ्या. 6 मिमीचं वळणांसाठी ठेवा.